मधला आस

एप्रिल लागला की आमच्या कॉलेजचा व्हरांडा वेगळाच होऊन जातो. बाकांवर खडूने नंबर टाकलेले असतात, पाण्याचा माठ दाराशी येतो, आणि एरवी जिन्यात बसून खिदळणारी पोरंपोरी भिंतीला टेकून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत असतात. पर्यवेक्षणाला मी नेहमी खिडकीजवळची जागा धरते. तिथून पलीकडची शेतं दिसतात. भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण, पाचोळा आणि तोडलेल्या फांद्या रचून लोक राब भाजत असतात. तो धूर वर्गात शिरला की माझं लक्ष पेपर लिहिणाऱ्यांवरून उडतं. धूर तसा सगळ्यांचाच असतो, पण मला त्यातून दरवेळी एकच उन्हाळा दिसतो. नव्वदचं दशक उताराला लागलं होतं, मी टी.वाय.बी.एस्सी.ला होते, आणि आमच्या किन्हवलीत 'पुस्तकं उडवणारी पोरगी' म्हणून माझं नाव झालं होतं.

त्या उन्हाळ्यात लग्नं फार होती. रोज कुठल्या ना कुठल्या आळीत हळद असायची आणि लाउडस्पीकर आमच्याच घराकडे तोंड करून लावलाय की काय, असं वाटायचं. बँजोच्या तालावर मी समीकरणं पाठ केली आहेत. आजही काही सूत्रं आठवताना मागे ढोलकी वाजते. दुपारी कौलं तापायची. आई ओला टॉवेल डोक्याला बांधून पापड वाळत घालायची आणि कावळ्यांना शिव्या द्यायची. बाबा वाशिंदच्या एका कारखान्यात होते. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी आले की कपडे बदलून शेतावर जायचे. आमच्या घरात मुलीने सायन्सला जाणं हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे ते कसं हाताळायचं याचा कुणालाच सराव नव्हता. आई पाहुण्यांना सांगायची, "आमची रेखा कल्याणला शिकते." काय शिकते हे सांगायची वेळ आली की ती चहा टाकायला आत जायची.

तसं पाहिलं तर मलाही ते धड सांगता आलं नसतं. मेकॅनिक्सच्या पेपरात शेवटचा धडा होता फिरणाऱ्या घन वस्तूंचा, आणि त्यात होता इनर्शिया टेन्सर. आमचे सर शांत स्वभावाचे, खडूची धूळ झटकत हळू बोलणारे. ते म्हणाले होते, "एखादी वस्तू सरळ ढकलायची तर तिचा जडपणा एका आकड्यात सांगता येतो. फिरवायची म्हटली की एक आकडा पुरत नाही. कुठल्या आसाभोवती फिरवता, त्यावर ती किती हट्ट करेल ते ठरतं." मग त्यांनी फळ्यावर तीन ओळी आणि तीन रकाने काढून नऊ आकडे मांडले. वस्तूचा फिरण्याबाबतचा सगळा स्वभाव त्या नऊ आकड्यांत असतो, म्हणाले. वस्तू कितीही वेडीवाकडी असो, एकमेकांना काटकोनात असलेले तीन आस तिच्यात सापडतातच, आणि त्यांच्याभोवती ती आडवंतिडवं न ओढता फिरते. तास संपत आला होता. दारातून वळून ते म्हणाले, "घरी जाऊन पुस्तक तीन तऱ्हांनी उडवून बघा. एका तऱ्हेत गंमत आहे."

वर्गातल्या किती जणांनी ते मनावर घेतलं, माहीत नाही. मी घेतलं. तेही पेपरच्या आदल्या दुपारी, कारण तोवर मी तो धडा घाबरून बाजूलाच ठेवला होता.

त्याच दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते. सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाडकडच्या एका गावातलं स्थळ. मुलगा आश्रमशाळेत शिक्षक. मी बाबांना म्हटलं होतं, "उद्या पेपर आहे माझा." बाबा म्हणाले, "त्यांना आजच टाइम हाय. घटकाभर बसायचं, मग तू तुझ्या अभ्यासाला मोकळी." पाहुणे उन्हं कलल्यावर येणार होते, म्हणून मी निर्धास्त होते. केसांना तेल चोपडलेलं, अंगात जुना विटका ड्रेस. मागच्या अंगणात फणसाखाली उभी राहून मी मेकॅनिक्सच्या जाडजूड पुस्तकाला केसांची रिबीन बांधली, म्हणजे ते हवेत उघडणार नाही, आणि उडवायला लागले.

आधी ताट भिरकावावं तसं, पुस्तक आडवं धरून गरगर फिरवलं. छान फिरलं, तसंच्या तसं हातात आलं. मग लाटणं फिरावं तसं, लांबीच्या आसाभोवती. तेही सरळ परत आलं. तिसरी तऱ्हा म्हणजे खालची कड दोन्ही हातांत धरून तव्यावरचं घावन उलटावं तसं पुस्तक कोलांटी घेत वर फेकायचं. एक पूर्ण कोलांटी झाली की हिरवं मुखपृष्ठ पुन्हा माझ्याकडे यायला हवं होतं. आला तो मागचा पांढरा पुठ्ठा. कोलांटी घेता घेता पुस्तकाने मध्येच कूसही बदलली होती.

मला वाटलं, माझाच हात चुकला. पुन्हा फेकलं. पुन्हा पांढरा पुठ्ठा. हळू फेकलं, जोरात फेकलं, डावा हात घट्ट ठेवला, उजवा सैल ठेवला. पहिल्या दोन तऱ्हा कशाही केल्या तरी बिनतक्रार जमत होत्या आणि ही तिसरी काही केल्या ऐकत नव्हती. मी अशी तल्लीन झाले की घाम डोळ्यांत जात होता तरी पुसायची शुद्ध नव्हती.

"काय चाल्लंय गो?"

मी पुस्तक छातीशी झेललं आणि वळले. मागच्या दारात एक बाई उभी होती. उंच, काटक, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. पाहुण्यांना वाटेत जीप मिळाली होती आणि ते भर उन्हात येऊन थडकले होते. मुलाची आत्या पाय धुवायला म्हणून मागे आली होती.

"अभ्यास," मी म्हटलं.

"उडवून?"

"हो."

तिने पुस्तकाकडे पाहिलं, रिबिनीकडे पाहिलं, मग माझ्या तेलकट डोक्याकडे. "पाणी दे पायांवर," एवढंच म्हणाली.

आईने मला न्हाणीत ढकललं, साडी गुंडाळली, कैरीच्या पन्ह्याचा ट्रे हातात दिला. पडवीत बाबा, मध्यस्थ काका, ती आत्या आणि तो. त्याचं नाव मोहन. इस्त्रीचा शर्ट, पण जीपमधून येताना बाहीवर लाल धूळ बसलेली, आणि ती त्याला दिसलेली नव्हती. ती धूळ झटकावीशी वाटली, हे मी नंतर कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

नेहमीचे प्रश्न झाले. भाकरी येते का, भातलावणीला जातेस का, भावंडं किती. मी सगळ्याला मान हलवत होते. मग आत्याने पन्ह्याचा पेला खाली ठेवला.

"पुस्तक कशापायी उडवत व्हतीस?"

आई दाराआडून डोळे मोठे करत होती. गोड हसून विषय टाळायचा, हे मला कळत होतं. पण डोक्यात तो पांढरा पुठ्ठा फिरत होता आणि तोंड उघडलं ते बंदच होईना. तीन आस असतात, दोनांवर वस्तू नीट फिरते, तिसऱ्यावर, म्हणजे ज्याच्याभोवती फिरवायला वस्तू ना सगळ्यात जड ना सगळ्यात हलकी, त्या मधल्या आसावर ती मध्येच उलटते, आणि उद्या पेपर आहे. हे सगळं मी एका दमात सांगितलं. मध्यस्थ काका खोकले.

"पुस्तकाला पाय लागला तं आमी उचलून कपाळाला लावतो," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू चेंडूवानी फेकतेस."

तेवढ्यात मोहनने बाबांच्या पानाच्या डब्याशेजारची काडेपेटी उचलली.

"हिच्यानं होईल का?" त्याने विचारलं. मी ऐकलेला त्याचा पहिला शब्द हा.

"होईल. तिन्ही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या पाहिजेत. चित्राची बाजू लक्षात ठेवा."

त्याने उडवली. ताटासारखी, मग लाटण्यासारखी, मग कोलांटी. चित्र खाली गेलं. त्याने पुन्हा उडवली. पुन्हा खाली. बाबा म्हणाले, "दे बघू हिकडं," आणि त्यांनीही उडवून पाहिली. मध्यस्थ काकांच्या हातून ती पन्ह्यात पडता पडता वाचली. थोडा वेळ पडवीत तीन पुरुष एक काडेपेटी वर फेकत होते आणि आपण कशासाठी जमलो आहोत हे सगळे विसरले होते. आत्या तेवढी सरळ बसून होती, हात मांडीवर, नजर उंबऱ्याकडे.

"पण असं का होतं?" मोहनने मला विचारलं.

"माहीत नाही. म्हणजे गणितात आहे. पण मला अजून दिसत नाही."

"दिसलं की सांगा," तो म्हणाला, आणि आत्या उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीत मी शेवटच्या सीटवर बसले होते. शेणव्याकडून आलेल्या भाजीवाल्या बायका पाट्यांना टेकून पेंगत होत्या, बाहेर भाजलेल्या राबांचे काळे चौकोन मागे पळत होते. मी पुस्तकातलं तेच पान उघडून बसले होते. आस किंचित कलला तर काय होतं, याचं ते समीकरण होतं. त्यात एक गुणाकार होता दोन वजाबाक्यांचा. सगळ्यात जड किंवा सगळ्यात हलका आस घेतला की त्या दोन्ही वजाबाक्यांची चिन्हं अशी येतात की कललेली वस्तू पुन्हा मागे खेचली जाते, जागच्या जागी डुलत राहते. मधला आस घेतला की एक वजाबाकी उलट चिन्हाची होते, आणि मग कल मागे येत नाही, वाढतच जातो. ते चिन्ह मी वर्गात फळ्यावरून नुसतं उतरवून घेतलं होतं. त्या पहाटे ते मला पहिल्यांदा हलताना दिसलं. गाडी खड्ड्यात आपटली, माझं डोकं वरच्या दांड्याला लागलं, आणि मी एकटीच हसले.

पेपरात तो प्रश्न आलाच नाही. एक घन ठोकळा दिला होता आणि त्याच्या कोपऱ्यापाशी आस धरून नऊ आकडे काढायला सांगितले होते. मी ते काढले. उणे चिन्हं न अडखळता लिहिली. घरी आले तर बाबा ओट्यावर बसलेले. मध्यस्थ काका येऊन गेले होते.

"नाय म्हटलंय त्यांनी," आई आतून म्हणाली. "पोरगी गुणाची हाय, पण आत्याबाईंच्या मनात भरली नाय म्हणे. भरंल कशी? पुस्तकं उडवते पाहुण्यांसमोर!"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपर कसा गेला?"

"चांगला."

"मग जेव जा."

बाबा त्यावर आणखी काही बोलले नाहीत. गाव मात्र बोललं. किन्हवलीसारख्या गावात बातमीला एस्टी लागत नाही. विहिरीवर बायका मला बघून हवेत हात उडवायच्या आणि हसायच्या. आईने पाण्याची वेळ बदलली. उरलेल्या पेपरांचा अभ्यास मी घराच्या आत, दार लोटून केला, आणि काहीही उडवलं नाही. मला वाईट वाटत होतं, पण ते नकाराचं होतं की बाहीवरच्या त्या धुळीचं, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

शेवटचा पेपर देऊन कॉलेजच्या फाटकाबाहेर आले, तर गुलमोहराखाली मोहन उभा होता. हातात रुमाल, रुमालात काडेपेटी.

"शाळेत पोरांना करून दाखवलं," त्याने नमस्कार वगैरे काही न करता सुरुवात केली. "सगळी एकदम ओरडली, गुरुजी, असं का? मला सांगता येईना. म्हणून आलो."

मला राग यायला हवा होता. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्यातला माणूस उत्तर मागायला आला होता. पण तो इतक्या लांबून, दोन गाड्या बदलून, एका 'का'साठी आला होता. मी आजवर अशा कुणाला भेटले नव्हते. आम्ही स्टँडसमोरच्या रसवंतीत बसलो. चरकाचे घुंगरू वाजत होते. मी काडेपेटी हातात घेतली.

"बघा, हात कुणाचाच अगदी बरोबर नसतो," मी म्हटलं. "फेकताना थोडा चुकतोच. हा जड आस आणि हा हलका आस ती चूक पोटात घालतात. वस्तू जरा डुलते आणि सावरते. मधला आस चूक पोटात घालत नाही. जरा कललं की आणखी कलतं, आणखी कललं की उलटतंच."

"म्हणजे फेकणाऱ्याचा दोष नाय."

"नाही. चूक सगळ्यांचीच होते. फक्त इथे ती दिसते."

त्याने काडेपेटी तिन्ही बाजूंनी बोटांत फिरवून पाहिली. मग म्हणाला, "पोरांना हे कळंल." रसाचा पेला तसाच होता. "नाही आत्याने म्हटलंय. मी म्हटलेलं नाही. तुमचं काय ते मला माहीत नाही."

मी रस संपवला. घुंगरांचा आवाज एकदम फार मोठा वाटायला लागला होता. "मला एम.एस्सी. करायची आहे," मी म्हटलं. "दोन वर्षं. रोज कल्याण."

"मुरबाडवरून सकाळी गाडी आहे," तो म्हणाला, जणू हे त्याने आधीच बघून ठेवलं होतं. "आत्याशी बोलतो. टाइम लागेल. माझी आई गेली तेव्हा मी रांगत होतो, पुढे वडीलही गेले, तिने वाढवलंय मला. तिला डावलून मी काही करणार नाही."

"करूही नका," मी म्हटलं, आणि ते मी खरंच मनापासून म्हटलं.

नंतर दिवसांवर दिवस गेले. कैऱ्या पिकल्या, जांभळं आली, टँकर यायला लागला. मोहनचा काही निरोप नाही. आईने दुसरी स्थळं विचारायला सुरुवात केली. एका दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत होते, तर फाटकातून हिरवं लुगडं आत आलं. आत्या एकटी. डोक्यावर पाटी, पाटीत पळसाच्या पानांवर करवंदं. मुरबाडला गाडी बदलून, उन्हातून चालत आली होती. आईची धांदल उडाली. आत्या म्हणाली, "तुमी बसा. मला हिच्याशी बोलायचंय."

ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली. सूप ओढून घेतलं आणि माझ्याबरोबर तांदूळ निवडायला लागली. बराच वेळ नुसते खडे बाजूला पडत राहिले.

"माझा भाऊ शाळंत जायचा," ती सूप हलवत म्हणाली. "मोहनचा बाप. मी लहान व्हते. एकदा त्याचं पुस्तक घेतलं न् चुलीपाशी उघडून बसले. चित्रं बघत व्हते नुसती. आमच्या बापानं बघितलं. काय मारलं नाय. हातातनं काढून घेतलं न् देवापाशी ठेवलं. म्हणाला, ही खेळायची वस्तू नाय, तू हात लावायचा नाय. तवापासून नाय लावला." ती थांबली. "मोहनची सगळी पुस्तकं मी दसऱ्याला पुजली. पुसून, कुंकू लावून. एक पण उघडलं नाय. भीती वाटायची."

मी निवडलेले खडे मुठीत गोळा केले.

"आन् तू," ती म्हणाली, "तू उडवत व्हतीस. वर फेकायचं न् झेलायचं. कसली म्हणून भीती नाय तुला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी गेले तरी जाईना. मोहन रोज समजवायचा, मी ऐकायची नाय. मग काल राब भाजताना एकटीच बसले व्हते तवा कळलं." तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तो राग तुझा नव्हता गो."

आतल्या खोलीत आई भांडी घासायची थांबली होती.

थोड्या वेळाने मी उठले, आतून पुस्तक आणलं. तिने आधी दोन्ही हात पदराला पुसले. मग घेतलं. अंगण तापलेलं होतं म्हणून आम्ही फणसाच्या सावलीत गेलो. पहिल्यांदा उडवताना तिने डोळेच मिटले आणि पुस्तक धपकन मातीत पडलं. ती एवढी दचकली की मला वाटलं आता ही रडणार. तिने ते उचललं, फुंकर मारून माती उडवली, कपाळाला लावलं. आणि पुन्हा उडवलं.

ते झेललं तेव्हा ती हसली, त्या हसण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. म्हाताऱ्या बाईचं हसू नव्हतं ते. आई दारात येऊन उभी राहिली आणि काही न कळताच तीही हसायला लागली. शेजारच्या बायकांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं. पुढे गावात पुस्तकं उडवणाऱ्या दोन बायकांची गोष्ट फिरली. त्याचं मला काही वाटलं नाही.

लग्न पुढच्या वर्षी झालं, माझी एम.एस्सी.ची पहिली परीक्षा आटोपल्यावर. सासर म्हणजे सिद्धगडाच्या सावलीतलं घर. दुपारनंतर ऊन लवकर उतरायचं आणि आंघोळीच्या पाण्याला सरपणाचा वास यायचा. तिथून मी दुसरं वर्ष केलं. लावणीच्या दिवसांत मी आत्याबरोबर चिखलात उतरायचे आणि परीक्षेच्या दिवसांत ती मला उंबऱ्याबाहेर पडू द्यायची नाही. कुणी विचारलं, "सून कुठं गेली?" की म्हणायची, "आत हाय. गणित चाल्लंय." आवाजात असा तोरा की जणू गणित तीच सोडवत होती. भांडणंही झाली. माझ्या हातचा भात तिला कधी आवडला नाही, आणि मी उशिरा उठते हे तिने मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मोहन आमच्या मध्ये पडायचा नाही. शाळेतून आला की बाहेर ओट्यावर बसून पोरांच्या वह्या तपासायचा आणि आम्ही दोघी गप्प झालो की आत यायचा.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मोहन निवृत्तीला आलाय. त्याच्या कपाटात अजून काडेपेट्या असतात. दरवर्षी नव्या मुलांसाठी नवी लागते, म्हणतो. कॉलेजपलीकडची शेतं बरीचशी तशीच आहेत, काही विकली गेली, काहींवर फार्महाऊसच्या भिंती आल्या. राब भाजणारे कमी झाले, पण धूर अजून येतो. पर्यवेक्षणाच्या वेळी खिडकीतून तो आला की माझ्यासमोर वाकून लिहिणाऱ्या मानांमध्ये मी उगीचच एक मान शोधते.

मला पहिली नोकरी लागली ती दोन हजारनंतर, तालुक्याच्या कॉलेजात. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी आत्या म्हणाली, "मला बघायचंय तू काय करतेस ते." मी टाळलं. पाहुण्याला वर्गात बसवायची पद्धत नाही, म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही, पण रोज सकाळी मी निघताना ती फाटकापर्यंत यायची आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. शेवटी मीच प्राचार्यांची परवानगी काढली.

त्या दिवशी टी.वाय.ला नेमका तोच धडा होता. आत्याने नवीन लुगडं नेसलं होतं. ती शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला बसली. चप्पल काढून बाकाखाली नीट ठेवली, हात बाकावर, पाठ ताठ. पोरं आधी वळून वळून बघत होती, मग विसरली. मी फळ्यावर तीन ओळी, तीन रकाने काढले, नऊ आकडे मांडले. अख्ख्या तासात ती हलली नाही. एकदा मात्र मी फळा पुसला तेव्हा तिचा हात आपोआप पुढे आला, जणू पुसू नको म्हणायचं होतं.

तास संपल्यावर मी हजेरी घेतली. नंबर पुकारायचे, पोरं 'येस मॅडम' म्हणायची. शेवटचा नंबर झाला, मी पेनचं टोपण लावलं. पोरं उठायला लागली.

"माझं ऱ्हायलं," मागून आवाज आला.

सगळी थांबली. मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरची दोन मुलं उठली होती, ती पुन्हा खाली बसली.

मी पेन उघडलं. आमच्या घरात तिला नावाने हाक मारणारं कुणीच उरलं नव्हतं. सगळ्यांची ती आत्याच होती, माझीही. तिचं नाव मी त्याआधी कधी तोंडातून उच्चारलंच नव्हतं.

"पार्वती," मी म्हटलं.

ती उभी राहिली. पदर सावरला.

"हजर."